शितावरून नदीची परीक्षा

बोरिवली पूर्वेला श्रीकृष्णनगरच्या आसपास दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून बाहेर पडून वस्तीत शिरते. पावसाळा सरता सरता तिथे वरच्या अंगाला पाण्याचा तळ दिसतो. दगड, दगडांवरचं शेवाळ, आडोशाला सटकणारे बोटाएवढे मासे. तीच नदी हायवे आणि रेल्वेचे रूळ ओलांडून मनोरीच्या खाडीकडे निघते तोवर काळी पडलेली असते. मी रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलांना घेऊन मी नदीकाठाने हे अंतर चालते. आणि दरवर्षी पहिल्याच थांब्यावर कुणीतरी बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून माझ्यापुढे धरतं, "मॅडम, झाला नमुना."

तो झालेला नसतो. का, ते सांगण्यात मग आमची अख्खी सकाळ जाते.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. नदीचं तसं नसतं. काठाचं पाणी वेगळं, मधल्या धारेचं वेगळं. पहाटेचं वेगळं, दुपारचं वेगळं. शिवाय शीत बोटांत धरलं की ते तसंच राहतं. पाणी बाटलीत बंद केल्यावरही बदलत राहतं. त्यातले जिवाणू खातच असतात, विरघळलेला प्राणवायू संपतच असतो, शिसं-जस्तासारखे धातू हळूहळू बाटलीच्या भिंतीला चिकटत असतात. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महागाचं असलं तरी ते फक्त बाटलीतल्या पाण्याबद्दल बोलतं. बाटलीतलं पाणी आणि नदीतलं पाणी एकच राहावं, यासाठी जे जे करावं लागतं त्याला नमुना घेणं म्हणतात.

सुरुवात होते ती प्रश्नापासून. आपल्याला नक्की काय जाणून घ्यायचंय? "नदी किती घाण आहे" हा प्रश्न बाटलीत मावत नाही. "अमुक तबेल्याचं शेणपाणी मिसळल्यावर नदीत काय फरक पडतो" हा मावतो. मग जागाही आपोआप ठरतात: एक नमुना तबेल्याच्या नाल्याच्या वरच्या अंगाला, एक खुद्द नाल्याच्या तोंडाशी आणि एक खालच्या अंगाला. वरचा नमुना लोक हमखास विसरतात. तो नसेल तर खालच्या घाणीपैकी किती त्या नाल्याची आणि किती आधीचीच, हे सांगता येत नाही, आणि समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो.

खालचा नमुना किती अंतरावर घ्यायचा, ही गोम आहे. नाला नदीला मिळाल्यावर त्याचं पाणी लगेच मिसळत नाही. पुलावर उभं राहून पाहिलं तर बराच लांबपर्यंत एका काठाला काळा पट्टा आणि दुसऱ्या काठाला जरा बरं पाणी असं शेजारी शेजारी वाहताना दिसतं. त्या काळ्या पट्ट्यात बाटली बुडवली तर नदी मेलेली, दुसऱ्या काठाला बुडवली तर ठणठणीत. दोन्ही खोटं. म्हणून जिथे वळण, खडक किंवा उथळ खळखळाट ओलांडून पाणी नीट घुसळलं गेलंय अशी जागा शोधायची. खात्री करायला सोपा उपाय आहे. विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते (क्षार जास्त तितकी जास्त), मोजणारं खिशात मावणारं मीटर डाव्या काठाला, मध्ये आणि उजव्या काठाला बुडवून बघायचं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर पाणी मिसळलंय, मधल्या धारेतला एक नमुना पुरतो. नाही आले तर तिन्ही ठिकाणचं पाणी घ्यावं लागतं.

मोठ्या नदीवर हेच काम पद्धतशीर करतात. पात्राच्या रुंदीचे समान भाग पाडतात आणि प्रत्येक भागात माशाच्या आकाराचं एक जड धातूचं साधन एकसारख्या वेगाने तळापर्यंत सोडून वर ओढतात. त्याच्या पोटात बाटली असते आणि नाकाशी बारीक नळी. खाली जाता-येता प्रत्येक खोलीचं थोडं थोडं पाणी बाटलीत येतं. गाळाबरोबर वाहणारं प्रदूषण मोजायचं तर याला पर्याय नाही, कारण गाळ तळाशी दाट आणि वर विरळ असतो. एखाद्या ठरावीक खोलीचंच पाणी हवं असेल तर वॅन डॉर्न नावाची दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी दोरीने सोडतात. हव्या त्या खोलीवर ती पोचली की दोरीवरून एक छोटं वजन घसरत पाठवायचं. ते आपटलं की खटका सुटतो आणि दोन्ही झाकणं बंद होतात.

आपल्या मुंबईच्या नद्यांना यातलं बहुतेक काही लागत नाही. मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा, चारही नद्या पावसाळा आणि खाडीचा पट्टा सोडला तर बहुतेक ठिकाणी उथळ. इथे लांब दांड्याला बांधलेलं भांडं किंवा पुलावरून सोडायची दोरीची बादली पुरते. बादली असली तरी रीत सोडायची नाही. आधी नदीच्याच पाण्याने ती तीनदा विसळायची, आणि विसळलेलं पाणी खालच्या अंगाला फेकायचं. पात्रात उतरायचंच असेल तर खालच्या बाजूने वर चालत जायचं, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ मागे राहतो. तोंड प्रवाहाकडे, बाटलीचं तोंडही प्रवाहाकडे, आणि साधारण ३० सेंटिमीटर खोल बुडवायची. पाणी तेवढं खोल नसेल तर वरचा तवंग आणि खालचा गाळ टाळून मधलं पाणी घ्यायचं.

आता वेळेचं. मुंबईत हा मुद्दा देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कारण आपल्या नद्यांची शेपटी समुद्राच्या हातात आहे. मिठीचा माहीमच्या खाडीकडचा पट्टा घ्या. भरतीला समुद्र आत येतो आणि नदीचं पाणी मागे रेटतो. त्या वेळी घेतलेला नमुना म्हणजे निम्मं अरबी समुद्राचं पाणी. सांडपाणी पातळ झालेलं, आकडे सुधारलेले. ओहोटीच्या अखेरीला त्याच पुलावरून बादली सोडा, खरी नदी हाती लागते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून "दर सोमवारी सकाळी दहाला" असं वेळापत्रक खाडीच्या पट्ट्यात फसवं ठरतं. या सोमवारी ओहोटी सापडेल, पुढच्या सोमवारी भरती. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण वेगळं, अष्टमीच्या सुमाराचं भांग वेगळं. कोळीवाड्यातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांनी मात्र नमुन्यासोबत भरती-ओहोटीची वेळ लिहिलीच पाहिजे, आणि ती नसेल तर तो अहवाल मी बाजूला ठेवते. समुद्र आत आलाय की नाही हेही वाहकतेचं मीटर सांगतं. गोड्या पाण्याच्या ओढ्यात काहीशे मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर दिसतात, समुद्राच्या पाण्यात ५०,००० च्या आसपास.

भरती नसलेल्या वरच्या पट्ट्यातही घड्याळ बघावं लागतं. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच तो वापरतात. त्यामुळे दुपारी तीनला तुडुंब प्राणवायू दाखवणारा डोह पहाटे पाचला गुदमरलेला असू शकतो. मासे मरतात ते पहाटे, आणि आपण नमुने घेतो न्याहारी करून.

एका क्षणी घेतलेल्या अशा नमुन्याला झटनमुना म्हणू. तो फोटोसारखा असतो. दिवसभराचं चित्र हवं तर ठरावीक वेळाने घेतलेले नमुने एकत्र करून मिश्र नमुना बनवतात. प्रत्येक वेळी सारखंच पाणी घेता येतं, किंवा त्या वेळी नदी जितकी जास्त वाहत असेल तितकं जास्त. दुसरी रीत खरी, पण मेहनतीची. रात्रभर नाल्यावर माणूस बसवणं अवघड, म्हणून स्वयंचलित नमुनायंत्र असतं. एका पिंपात गोलाकार मांडलेल्या, बहुधा २४, बाटल्या, वर एक पंप, आणि पाण्यात सोडलेली नळी. ठरलेल्या वेळी किंवा पाण्याची पातळी चढली की यंत्र जागं होतं, नळी साफ करतं, पाणी खेचतं, पुढच्या बाटलीकडे वळतं. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीसाठी हे यंत्र फार मोलाचं. आठ महिने रस्त्यांवर आणि गटारांत साचलेलं सगळं त्या पहिल्या लोंढ्यात नदीत येतं, आणि तेव्हा बाटली घेऊन नदीत उतरणं जिवावर बेतणारं असतं. पण मिश्र नमुना सगळ्याला चालत नाही. प्राणवायू, जिवाणू आणि तेल-तवंग यांसाठी झटनमुनाच हवा. एकत्र ओततानाच ते बदलतात.

आता बाटली. इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि माझीही झाली आहे.

विरघळलेला प्राणवायू, ज्याला सगळे डीओ म्हणतात, तो मोजायची जुनी आणि अजूनही सगळ्यांत विश्वासाची रीत हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधली. बाटली ३०० मिलिलिटरची, काचेची, निमुळत्या घासलेल्या बुचाची. पाणी तीत धबाधबा ओतायचं नसतं, कारण ओतताना हवा मिसळते. नळी बाटलीच्या तळाला टेकवून हळू भरायचं आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहू द्यायचं. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन द्रावणं पिपेटचं टोक पाण्याखाली धरून सोडायची, बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका पडतो. अजिबात नसेल तर पांढरा, दह्यासारखा. प्राणवायू जणू त्या साक्यात कैद होतो, म्हणून हे नदीवरच करायचं. पुढे आम्ल घातलं की साका विरघळून पाणी चहासारखं पिवळं-तांबूस होतं, आणि मग टायट्रेशन, म्हणजे थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडणं. त्यात घातलेल्या स्टार्चचा निळा रंग उडेपर्यंत किती थायोसल्फेट लागलं, त्यावरून प्राणवायू कळतो.

एका वर्षी कुर्ल्याच्या बाजूला मिठीवर आम्ही पहिली बाटली बंद केली आणि तळाशी फिकट तपकिरी रंग दिसला. मुलं आनंदाने ओरडली, मिठीत प्राणवायू आहे! मलाही क्षणभर खरं वाटलं. मग बाटली उजेडात धरली तर बुचाखाली तुरीच्या डाळीएवढा बुडबुडा. घाईत राहून गेला होता. दुसरी बाटली नीट भरली आणि साका पांढराशुभ्र पडला. हिशेब करून बघा. १ मिलिलिटर हवेत साधारण ०.२७ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तो ३०० मिलिलिटर पाण्यात मिसळला तर लिटरमागे जवळपास ०.९ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या २७ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात प्राणवायू मुळात जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो, आणि मासे जगायला ४ तरी लागतो. आमचा बुडबुडा १ मिलिलिटरहून लहान होता, तरी त्याने मेलेल्या नदीला श्वास दिला. त्या दिवसापासून प्रत्येक जागी दोन बाटल्या भरायच्या हा आमचा नियम आहे.

हल्ली डीओचं इलेक्ट्रॉनिक मीटर मिळतं आणि ते उत्तम असतं, पण रोज सकाळी हवेत धरून त्याचं मोजमाप जुळवून घ्यावं लागतं. सामू, म्हणजे पीएच, मोजणाऱ्या मीटरचंही तेच. ज्ञात द्रावणांत बुडवून त्याचा काटा जागेवर आणायचा. तापमान, सामू, वाहकता आणि डीओ या चार गोष्टी नदीवरच मोजायच्या. त्या घरी नेता येत नाहीत.

बीओडीचं नाव बातम्यांत सारखं येतं. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, ते तो सांगतो. जगात बहुतेक ठिकाणी तो २० अंशांवर ५ दिवस ठेवून मोजतात; आपल्या हवामानाला धरून भारतात २७ अंशांवर ३ दिवस. आता यात काय होतं बघा. जिवाणूंना खायला वेळ देणं हीच चाचणी असेल, तर बाटली उन्हात तीन तास राहिली की चाचणी आधीच सुरू झाली. खाणं उरकलं, आकडा कमी आला, नदी कागदावर स्वच्छ झाली. म्हणून नमुना लगेच बर्फात, ४ अंशांच्या आसपास, अंधारात, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत. गोठवायचं नाही. थर्माकोलच्या खोक्यात मासळीबाजारातला चुरा बर्फ उत्तम बसतो, मोठ्या लादीपेक्षा बाटलीला चांगला बिलगतो. फक्त बाटल्या घट्ट बंद पिशव्यांत हव्यात, नाहीतर वितळलेलं पाणी झाकणातून आत शिरतं.

प्रत्येक चाचणीला बाटली वेगळी, हे ऐकून लोक वैतागतात, पण त्यामागे कारण आहे. मैलापाण्याची खूण मानल्या जाणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंसाठी निर्जंतुक केलेली बाटली. ती विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, झाकण जमिनीवर ठेवायचं नाही, आणि वर दोन बोटं जागा रिकामी सोडायची, कारण प्रयोगशाळेत ती हलवावी लागते. डीओला एकही बुडबुडा नको आणि इथे मुद्दाम हवा ठेवायची. मुलं दरवर्षी यात गोंधळतात. धातूंसाठी प्लास्टिकची स्वच्छ बाटली आणि थोडं नायट्रिक आम्ल, म्हणजे धातू भिंतीला चिकटत नाहीत. विरघळलेलेच धातू मोजायचे तर आम्ल घालण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं. क्रम उलटला तर आम्ल गाळातलेही धातू पाण्यात सोडतं आणि आकडा फुगतो. तेलासाठी रुंद तोंडाची काचेची बाटली, न विसळता, कारण तेल भिंतीला चिकटून बसतं. अमोनिया आणि सीओडी (पाण्यातली घाण जिवाणूंऐवजी रसायनाने जाळायला किती प्राणवायू लागतो ते) यांसाठी सल्फ्युरिक आम्ल. खाडीच्या पट्ट्यातल्या सीओडीबद्दल प्रयोगशाळेला आवर्जून सांगावं की पाणी खारं आहे. समुद्रातलं क्लोराइड या चाचणीत स्वतःच घाणीसारखं मोजलं जातं.

आमच्या ओळखीच्या एका रहिवासी मंडळाने नाल्याचं पाणी रविवारी शीतपेयाच्या बाटल्यांत भरलं, रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि सोमवारी लोकलने एका प्रयोगशाळेत नेलं. तिथे त्यांना परत पाठवलं. नमुना नाकारणं बरोबरच होतं. पण आधी त्यांनी फोन करून विचारलं होतं तेव्हा "घेऊन या" एवढंच सांगितलं गेलं, याचा मला अजून राग येतो. कुठली बाटली, किती वेळात, बर्फात की नाही, ही तीन वाक्यं फोनवर सांगायला मिनिट लागत नाही.

लेबल पेन्सिलीने लिहायचं. पेनची शाई बर्फाच्या पाण्यात उतरते. जागा, तारीख, वेळ, कुणी घेतला, कशासाठी, आम्ल घातलं का. वहीत मात्र याहून जास्त: हवा, कालचा पाऊस, पाण्याचा रंग, वास, काठावर धुणं चाललं होतं का, म्हशी उतरल्या होत्या का. सहा महिन्यांनी एखादा आकडा विचित्र वाटला की ही वहीच वाचवते. शिवाय एका बाटलीत नदीवर नेऊन ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी भरायचं आणि तीही इतरांबरोबर तपासायला द्यायची. तिच्यात काही सापडलं तर ते नदीचं नाही, आपल्या हातांचं किंवा बाटल्यांचं.

नुसत्या तीव्रतेवरून, म्हणजे लिटरमागच्या आकड्यावरून, नदीवरचा भार, म्हणजे ती एकूण किती घाण वाहून नेते ते, कळत नाही. प्रवाहही मोजावा लागतो. त्यासाठी एक संत्रं पुरतं. ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही. समजा १० मीटर अंतर त्याने २५ सेकंदांत कापलं, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं, ०.३४. पात्र ६ मीटर रुंद आणि सरासरी ०.३ मीटर खोल असेल तर सेकंदाला सुमारे ६१० लिटर पाणी. बीओडी लिटरमागे २० मिलिग्रॅम धरला तर दिवसाला हजार किलोहून जास्त भार खाडीत जातोय. उन्हाळ्यात प्रवाह १०० लिटरवर आला आणि बीओडी तोच २० राहिला, तर भार पावणेदोनशे किलोच्या आत. बाटलीतला आकडा एकच, नदीवरचं ओझं सहापट वेगळं.

आकडा आल्यावर तो कशाशी ताडायचा, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वर्ग आहेत. उघड्यावर आंघोळीच्या पाण्यात डीओ किमान ५ आणि बीओडी कमाल ३ हवा. मासे आणि वन्यजीवांसाठी डीओ किमान ४. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कोर्टात टिकायचा असेल तर १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ पाळावं लागतं: नोटीस द्यायची, मालक किंवा त्याचा माणूस हजर असेल तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. ही रीत चुकली तर निकाल पुरावा म्हणून चालत नाही. नागरिकांनी घेतलेला नमुना अशा खटल्यासाठी नसतो. पण कुठल्या पुलाखाली, कुठल्या वेळी मंडळाच्या माणसाने यावं, हे तो नक्की सांगू शकतो.

आणि पाण्यात उतरण्याआधी: गमबूट, लांब हातमोजे, पायाला जखम असेल तर उतरायचंच नाही. लेप्टोचा जिवाणू जखमेतून सहज शिरतो, आणि उंदीर-गुरांचं मूत्र आपल्या प्रत्येक नाल्यात आहे. सडक्या अंड्याचा उग्र वास आला की मागे फिरायचं. एकट्याने कधीच जायचं नाही, एकजण कायम काठावर. आमच्या खोक्यात साबण आणि घरून आणलेल्या स्वच्छ पाण्याची पाच लिटरची कॅन असते, आणि हात धुतल्याशिवाय वडापावाच्या पुड्याला कुणालाही हात लावू देत नाही.